नावेत माणसं किती?

कोल्हापुरात मे महिन्यात पोरांना पुस्तकाकडे ओढायचं म्हणजे थेट शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलशी टक्कर. पेठापेठांत फुटबॉल खेळणाऱ्या तालमींपैकी पाटाकडील भारी की दिलबहार भारी यावरून वाद पेटलेले असतात. आमच्या 'ब' वर्ग वाचनालयाच्या बालविभागात जी पोरं येतात, ती पंख्यासाठी येतात. आई कामावर जाताना सोडून जाते. मग कपाटाला पाठ टेकून, मांडीत चेंडू घेऊन बसतात. "त्यात वाचायचं काय? लय बोर हुतंय, मॅडम."

बक्षिसांवर माझा भरवसा नाही. दहा पुस्तकं वाचा नि प्रमाणपत्र मिळवा, असं जाहीर केलं की पोरं पुस्तकांची जाडी बोटांनी मापतात आणि सगळ्यांत बारीक दहा उचलतात. गोष्ट वाचून मुखवटा करा, हेही तसंच. मजा मुखवट्याची, पुस्तक बाजूलाच. मला असा खेळ हवा होता की वाचल्याशिवाय पुढे सरकताच येऊ नये. ग्रंथालय प्रमाणपत्राच्या वर्गात ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची १९३१ सालची पाच सूत्रं आम्ही घोकली होती. 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत' हे त्यातलं पहिलं. फुटबॉल हा उपयोग त्यात बसतो का, हे परीक्षेत कुणी विचारलं नव्हतं.

सतरंज्या गुंडाळल्या, फरशीवर खडूने मैदान आखलं, दोन्ही टोकांना कचऱ्याचे डबे ठेवून गोल केले. चेंडू स्पंजचा. दोन संघ, प्रत्येकाला गोष्टीचं एक पातळ पुस्तक. संघाने ते वाचून त्यावर पाच वाक्यं लिहायची, काही खरी, काही खोटी. मग पुस्तक आणि कागद दोन्ही समोरच्यांच्या हवाली. खोटं वाक्य पकडून पुस्तकातली ओळ दाखवली की फ्री किक. खऱ्याला खोटं म्हटलं, तर किक उलट्या बाजूला. मोठ्याने वाचायची सक्ती नाही, ओळीवर बोट ठेवलं की पुरे. हा नियम मी मुद्दाम घातला होता. 'वाचायचं नाही' म्हणणाऱ्या बऱ्याच पोरांना पुस्तकाचा कंटाळा नसतोच, चारचौघांत अडखळायची धास्ती असते.

तशातलाच एक यंदा सहावीत जाणारा होता. सगळे त्याला किपर म्हणायचे. पुस्तक हातात दिलं की पाणी प्यायला उठायचा.

त्या दिवशी आरडाओरडा इतका झाला की पलीकडे 'शांतता राखा'च्या पाटीखाली पेपर वाचणारे आजोबा तक्रार घेऊन आले. एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. मी त्यांच्या हातात शिट्टी दिली. क्षणभर माझ्याकडे बघितलं त्यांनी, मग चष्मा पुसून मध्यरेषेवर खुर्ची ओढली.

किपरच्या संघाचं चौथं वाक्य होतं : 'नाव बुडाली तेव्हा नावेत चार माणसं होती.' समोरच्यांनी लगेच हात वर केला. पाचव्या पानावर चार मित्र नावेत बसतात, कबूल. पण नवव्या पानावर एकजण देवळाच्या घाटाला उतरतो. म्हणजे उरले तीन. वाक्य खोटं! आजोबांनी दोन्ही पानं तपासली आणि शिट्टी फुंकली.

"आबा, थांबा की!" किपर डबा सोडून पुढे आला. "नावाडी कोण धरायचा?"

"नावाडी आधीच उडी टाकून गेला असंल," समोरचा कर्णधार म्हणाला.

"असंल न्हाई. दाखव पुस्तकात."

आजोबांनी निर्णय रोखून धरला. "पुरावा आण," ते किपरला म्हणाले, अगदी कंट्रोल केबिनमधल्या आवाजात. किपरने पुस्तक घेतलं, फरशीवर पालथा झाला आणि नवव्या पानापासून बोट सरकवत निघाला. ओठ हलत होते. एका जोडाक्षरावर बोट बराच वेळ अडलं. समोरचे "वेळ संपली" म्हणून ओरडायला लागले, तर आजोबांनी त्यांनाच पिवळं कार्ड दाखवलं. कार्ड कसलं, जुनं सभासद कार्डच ते. बाकीची पोरंही किपरच्या भोवती पुस्तकात डोकी घालून बसली, दोन्ही संघांची. बाराव्या पानावर बोट थांबलं. नाव कलंडते आणि नावाड्याच्या हातातलं वल्हं निसटतं, अशी ओळ होती.

"हितं हाय. वल्हं हातात, म्हंजे गडी नावेतच. तीन आन् एक चार."

शिट्टी वाजली, निर्णय फिरला. गंमत म्हणजे ते वाक्य ज्याने लिहिलं होतं त्याने नावाडी मोजलाच नव्हता. पाचव्या पानावरच्या चौघांवर थांबून त्याने वाक्य ठोकून दिलं होतं. तो पठ्ठ्या मात्र चेहरा अगदी गंभीर ठेवून उभा होता. किक डब्यावर आपटून बाहेर गेली, त्याचं कुणाला फारसं वाटलं नाही. नावेतल्या माणसांवरची चर्चा चपला घालेपर्यंत चालू होती.

दुसऱ्या दिवशी वाक्यं मीच लिहिणार म्हणून किपर अडून बसला. त्याची वाक्यं फार डांबरट निघाली. एका पानात उत्तर सापडेल असं एकही नाही, तिसरं आणि चौदावं पान जोडल्याशिवाय निकाल लागत नव्हता. समोरच्यांना अख्खं पुस्तक दोनदा वाचावं लागलं. आजोबांनी पेपरची वेळ बदलून घेतली.

किपर आता पुस्तकं घरी नेतो. रमून वाचतो असं मी म्हणणार नाही. तो चुका शोधत वाचतो, तालमीतल्या पोराने दुसऱ्याचा खेळ बघावा तसा. परवा नावेचं पुस्तक परत करताना त्याने बाराव्या पानावरचं चित्र माझ्यापुढे धरलं. पाण्यात तीनच डोकी.

"मॅडम, चित्र काढणाऱ्यानं गोष्ट वाचली न्हाई काय?"

मी त्याला प्रकाशकाचा पत्ता कुठल्या पानावर छापलेला असतो ते दाखवलं आणि टेबलाच्या खणातून एक पोस्टकार्ड काढून दिलं.