आमची वाटचाल : चाळिशीतल्या 'फ्रेशर्स'बरोबर

मी भरती विभागात नोकरी करायचे तेव्हा एक गोष्ट सतत खटकायची. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र घेऊन आलेली, मुलाखतीत व्यवस्थित बोललेली मोठी माणसं काही आठवड्यांतच काम सोडायची. कारण विचारलं की "जमत नाही हो" एवढंच. जरा खोदून विचारलं की कळायचं, मशीन जमत होतं, कॉम्प्युटरही जमत होता. अडत होतं भलतीकडेच. पंधरा वर्षांनी लहान असलेल्या सुपरवायझरला तीच गोष्ट पुन्हा कशी विचारायची? उशीर होणार असेल तर कुणाला आणि कधी कळवायचं? ग्रुपवर आलेल्या मेसेजला उत्तर द्यायचं की नुसता वाचून सोडायचा? हे कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हतं. एका सहकारी मैत्रिणीला घेऊन मी आमची छोटी फर्म सुरू केली ती याच कामासाठी.

सुरुवातीचं फार सांगण्यासारखं नाही. एक खोली, जुने कॉम्प्युटर, संध्याकाळची बॅच. येणारे लोक मात्र पहिल्यापासून तऱ्हेतऱ्हेचे. मुलं मोठी झाल्यावर पुन्हा नोकरी शोधणाऱ्या बायका, कपातीत काम गेलेले पन्नाशीचे कामगार, शाळा अर्धवट सुटल्यावर आजवर मिळेल ते काम केलेले तरुण. या सगळ्यांना बाकावर बसवून 'संवादकौशल्य' या विषयावर व्याख्यान दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी निम्मे आले नसते. प्रौढशिक्षणाचे अभ्यासक माल्कम नोल्स यांचं सांगणं असं की, हे आपण का शिकतोय ते मोठ्या माणसाला आधी पटावं लागतं, आणि तो स्वतःचा अनुभव सोबत घेऊनच वर्गात येतो. आम्हाला ते रोज दिसतं.

म्हणून आमचा तास कामापासून सुरू होतो. उदाहरणार्थ, टेबलावर खोकी ठेवलेली असतात आणि हातात चलन. चलनावर 48, टेबलावर 46. पुढे काय? कुणी गुपचूप सही करून मोकळा होतो. कुणी तिसऱ्यांदा, चौथ्यांदा मोजत बसतो. कुणी ड्रायव्हर झालेल्या माणसावर खेकसतो. मग आम्ही एकच वाक्य घोटून घेतो : "साहेब, दोन खोकी कमी आहेत, दोनदा मोजली, सही थांबवू का?" काय झालं, मी काय तपासलं आणि आता तुमच्याकडून काय हवं, हे तिन्ही त्यात येतं. हे वाक्य सहज तोंडात बसायला बऱ्याच जणांना इन्व्हॉइस बनवायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

शिकवण्याची पद्धत आमच्या डोक्यातून आलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांना नवखी माणसं झटपट तयार करायची होती. त्यासाठी 1940 ते 1945 या काळात 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा कार्यक्रम चालला. त्यातल्या चार पायऱ्या साध्या आहेत : शिकणाऱ्याची तयारी करा, करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर लक्ष ठेवा. युद्धानंतर जपानी कारखान्यांनी ही पद्धत उचलली. बहुतेक ठिकाणी दुसऱ्या पायरीवरच गाडी थांबते, आणि चौथी तर कुणालाच नको असते, कारण तिचे पैसे कोण देणार?

पैशांचा प्रश्न आमच्यापुढेही होताच. ज्याच्या हाताला काम नाही त्याच्याकडून सगळी फी आधीच घ्यायची, हे पटत नव्हतं. शिवाय मग तो नोकरीत टिकला काय, न टिकला काय, आमचा गल्ला भरलेलाच. आम्ही नोंदणीपुरतं थोडं शिकणाऱ्याकडून घेतो. बाकीचं कंपनी देते : काही भाग रुजू झाल्यावर, उरलेला तीन महिन्यांनी, माणूस कामावर असेल तरच. ऐकायला हे छान वाटतं, पण तीन महिने पैसे अडकतात आणि प्रशिक्षकांचे पगार महिन्याच्या महिन्याला द्यावे लागतात. एका कंपनीने तर माणसं ठेवून घेतली आणि शेवटचा हप्ता इतका लांबवला की आम्ही त्यांचं काम घेणंच बंद केलं.

त्या ओढाताणीत हाताशी असावं म्हणून घेतलेलं एक काम पुढे आमचा कणा झालं : कंपन्यांच्या सुपरवायझरना तीच चार पायऱ्यांची पद्धत शिकवणं. 'नोकरीसाठी तयार' हे विशेषण नेहमी कामगाराला लावतात. माझ्या मते त्यातलं निम्मं काम कंपनीचं आहे. पहिल्या दिवशी डबा कुठे खायचा आणि सुट्टीचा अर्ज कुणाकडे द्यायचा हे ज्याला कुणी सांगत नाही, तो तासात काहीही शिकला असला तरी बावरतोच.

बायोडाटावरच्या खंडाबद्दल आम्हाला सगळ्यात जास्त विचारलं जातं. एक ताई सात वर्षांसमोर नुसतं 'गृहिणी' लिहून बसल्या होत्या. शाळेच्या पालक संघाचा हिशेब कोण बघायचं, असं विचारल्यावर म्हणाल्या, "मीच, पण त्याचे पैसे कुठे मिळायचे?" पैसे मिळाले नाहीत हेही लिहा, पण हिशेब ठेवला ते लिहाच, असं आम्ही सांगितलं. भारदस्त पदनामं मात्र आम्ही लिहू देत नाही. 'गृहव्यवस्थापन अधिकारी' वाचलं की समोरचा हसतो, आणि खऱ्या कामाकडेही मग त्याचं लक्ष जात नाही.

आमचं काम मोजायचं कसं, हे आम्ही डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांच्याकडून घेतलं. 1959 मध्ये त्यांनी प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार स्तर मांडले : शिकणाऱ्याला कसं वाटलं, तो काय शिकला, कामावर त्याचं वागणं बदललं का, आणि शेवटी निष्पन्न काय झालं. अभिप्रायाचा फॉर्म पहिल्या स्तरावरच संपतो. पुढच्या स्तरांसाठी आम्ही फोन करतो : रुजू झाल्यावर आठवड्याने, महिन्याने आणि तीन महिन्यांनी. आठवड्याचा फोन सर्वांत कामाचा. सोडून जाण्याचा विचार तेव्हा नुसता मनात असतो, राजीनामा लिहिलेला नसतो.

आता नवीन अडचण आली आहे. बऱ्याच कंपन्या पहिली मुलाखत रेकॉर्ड करून मागतात. समोर माणूस नाही, स्क्रीनवर प्रश्न येतो आणि वेळ उलटी मोजली जाते. उभी हयात माणसांशी बोलून काम केलेल्यांची इथे जीभच अडखळते. त्यासाठी आम्ही वेगळा तास बसवतोय. पहिल्या फेरीत कॅमेऱ्यामागे ओळखीचा चेहरा, दुसऱ्या फेरीत खुर्ची रिकामी. पुढच्या बॅचपासून तो सगळ्यांसाठी सुरू होईल.