शाळेत लेखक बोलवायचा तर

१५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन सोडून तारीख धरा. त्या दोन दिवशी सगळ्याच शाळांना लेखक हवा असतो. डिसेंबरातला साधा शनिवार बरा.

महिनाभर आधी पुस्तकाच्या ५-६ प्रती वर्गात फिरू द्या. मुलांनी काहीच वाचलं नसेल तर 'तुम्हाला प्रेरणा कुठून मिळाली?' हा ठरलेला प्रश्न येतो. वाचलं असेल तर पाचवीतली पोरगी थेट विचारते, 'त्या कुत्र्याचं पुढे काय झालं?' प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्या, फक्त बाईंनी ते 'सुधारू' नयेत!

एका वेळी ४०-५० मुलं पुरेत. पहिली आणि नववी एकत्र बसवली की धाकटी चुळबुळतात, मोठी कंटाळतात. २० मिनिटं वाचन, २५ मिनिटं प्रश्न. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अध्यक्षीय भाषण यांतच तास जातो, सरळ गाळा.

मानधन आणि प्रवासखर्च फोनवरच ठरवा, शाल-श्रीफळावर भागवू नका. पुस्तकविक्री असेल तर किंमत आदल्या दिवशी वहीत लिहून पाठवा, ऐनवेळी मुलांकडे पैसे नसतात. सहीसाठी प्रत्येकाचं नाव चिठ्ठीवर लिहून पुस्तकात खोचा, नाहीतर गोंगाटात शर्वरीची शर्मिला होते.