गुरुवारची जपमाळ

आमच्या घरी जपमाळ रात्रीच्या जेवणाआधी होत असे आणि आई ती चुलीपुढे बसूनच म्हणत असे. भाकरी तव्यावर असतानाही तिचे लक्ष कधी ढळत नाही, असे मला लहानपणी वाटे. मोठेपणी तिनेच सांगितले की ते रोज ढळते. ती गेल्यानंतर माझी प्रार्थना कोरडी पडली. ओठ हलत, मणी पुढे सरकत आणि मन कुणाच्या तरी लागट बोलण्यात अडकून पडे. म्हणून त्या वर्षी सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या, फेस्ताला (सणाला) ओल्ड गोव्यापर्यंत चालत जायचे मी ठरवले. नवस केला नव्हता. प्रार्थना पुन्हा करता यावी, एवढेच मागायचे होते.

३० नोव्हेंबरच्या पहाटे सावंतवाडीहून आम्ही चाळीसएक जण निघालो. आमच्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात कोल्हापूर जिल्हाही येतो, त्यामुळे घाटावरची माणसेही बरोबर होती आणि जपमाळ एकदा मराठीत, एकदा कोकणीत होत असे. इन्सुलीचा घाट, बांदा, पत्रादेवी असा तो दिवस गेला. रात्री कुठे निजलो त्या जागेपेक्षा तिथल्या फरशीचा गारवा मला अधिक आठवतो.

दुसरा दिवस गुरुवार होता. जपमाळेच्या दर दशकात, म्हणजे दहा मण्यांच्या गटात, येशूच्या किंवा मारियेच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात आणायचा असतो; त्याला रहस्य म्हणतात. गुरुवारी प्रकाशाची रहस्ये म्हणावीत, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये सुचवले, पण आई मात्र शेवटपर्यंत जुन्या रीतीप्रमाणे गुरुवारी आनंदाचीच रहस्ये म्हणत राहिली. मी त्यावरून तिच्याशी वाद घातला होता, आणि मालपेच्या उतारावर पहिले रहस्य सुरू झाले तेव्हा मला येशूचा बाप्तिस्मा न आठवता तो वाद आठवला. टाचेखाली फोड आला होता. पुढे चाललेल्या गाडीवरच्या भोंग्यातून भक्तिगीते इतक्या मोठ्याने लागली होती की स्वतःचे ‘नमो मारिया’ स्वतःला ऐकू येईना. माझ्या मागे चालणारी बाई प्रत्येक वेळी त्या प्रार्थनेचा उत्तरार्ध, ‘हे पवित्र मारिये’, सर्वांच्या अर्धी ओळ आधी सुरू करीत असे. त्या बाईंचा मला इतका राग आला की तिसरे रहस्य, म्हणजे देवराज्याची घोषणा आणि पश्चात्तापाची हाक, मी केवळ दात आवळून पार केले. पश्चात्तापाची हाक तोंडाने म्हणत असतानाच मनात त्यांना सुनावण्याची वाक्ये जुळवत होते, याची लाज मला आजही वाटते.

धारगळच्या अलीकडे चौथ्या रहस्यात फोड फुटला नाही, पण इतका ताणला गेला की पाय टेकवेना. मी मागे राहिले. पुढची माणसे वळणाआड गेली, भोंगा दूर गेला, आणि इतका वेळ जी शांतता मागत होते ती मिळाल्यावर मला रडू आले. रस्त्याच्या कडेला एक कौलारू घर होते. अंगणात तुळस होती आणि पडवीत एक आजी सुपारी कातरत बसल्या होत्या. त्यांनी माझ्या गळ्यातला क्रूस पाहिला, पाय पाहिला आणि म्हणाल्या, “बाय, बस हांगा.”

त्यांनी कोमट पाण्यात मीठ घालून घमेले आणले. मी पाय मागे घेतला, कारण त्या माझ्या आईपेक्षा वयाने मोठ्या होत्या. पण त्यांनी घोटा धरला आणि माती जाईपर्यंत पाय चोळून धुतला. मग समईच्या ज्योतीवर सुई तापवली, दोरा खोबरेल तेलात आणि हळदीत बुडवला आणि फोडाच्या एका कडेतून घालून दुसऱ्या कडेतून काढला. दोन्ही टोके बाहेर लोंबती ठेवून त्यांनी बजावले की दोरा ओढायचा नाही, फोड सोलायचा नाही, पाणी त्याचे ते झिरपून जाईल. हे त्या पंढरीच्या वाटेवर शिकल्या होत्या. तरुणपणी पेडण्यातल्या दिंडीबरोबर त्या चालत गेल्या होत्या; आता गुडघे उठू देत नाहीत. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पण गुडघ्यावरून हात मात्र सतत फिरत होता. पेजेचा वाडगा माझ्या हातात देऊन त्यांनी विचारले की तुमच्या सायबाकडे काय मागणार. मी म्हणाले, “मन लागत नाही, आजी. जप करते आणि मन भलतीकडेच जाते.”

त्यांनी उत्तर दिले नाही. वाडग्यात आणखी पेज घातली.

आईने मात्र याचे उत्तर कधीच देऊन ठेवले होते. ती म्हणायची की मन जिकडे जाईल तिकडे त्याच्यामागून जावे आणि तिथे जे कोणी भेटेल त्याच्यासाठी पुढचा मणी म्हणावा. मी ते अडाणीपण समजत होते. धर्मसभेने १९२७ मध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांच्याबरोबर लिझ्यूच्या संत तेरेझा यांनाही मिशनकार्याचे आश्रयदाते ठरवले. एक समुद्र ओलांडत चीनच्या दारापर्यंत गेला, दुसरी चोविसाव्या वर्षी मठातच वारली, आणि पावित्र्यासाठी तिच्याकडे रोजची लहानसहान कामे व मठातल्या भगिनींचे कंटाळवाणे सहवास एवढेच होते. आईच्या देव्हाऱ्यात या दोघांची चित्रे शेजारीशेजारी का होती, ते मला त्या पडवीत उमगले.

निघताना मी वाकून नमस्कार केला. पाचवे रहस्य, शेवटच्या भोजनाचे, त्या दिवशी म्हणायचे राहिले.

कोलवाळच्या पुलावर आमची माणसे थांबली होती. मागे चालणाऱ्या त्याच बाईंनी माझी पिशवी काही न बोलता स्वतःच्या खांद्यावर घेतली, आणि पुढेही ‘हे पवित्र मारिये’ अर्धी ओळ आधीच म्हणत राहिल्या. म्हापशात मिलाग्रिस सायबिणीपुढे, म्हणजे मारियेच्या मूर्तीपुढे, मेणबत्ती लावली. दुसऱ्या दिवशी मांडवी, पणजी आणि रायबंदरचा लांब बांध. तिथे भोंगा पुन्हा वाजू लागला तेव्हा आठवले की १५४२ मध्ये गोव्यात आल्यावर संत फ्रान्सिस हातात घंटा घेऊन रस्त्यांतून फिरत आणि मुलांना धर्मशिक्षणासाठी बोलावत. त्या घंटेचाही कुणाला तरी जाच झाला असेल. भोंग्याचा त्रास त्यामुळे कमी झाला नाही, पण तो मी सहन केला.

संत फ्रान्सिस यांचे शव लोकांना जवळून दाखवतात ते शवप्रदर्शनाचे वर्ष नव्हते. बॉम जेझू चर्चमध्ये संगमरवरी चौथऱ्यावर उंच ठेवलेली त्यांची चांदीची पेटी मान वर करून पाहिली, आणि मागून रेटा आला म्हणून पुढे सरकले. तीन दिवस जे मागायचे ठरवले होते ते मागायला वेळ मिळाला नाही. फेस्ताच्या सकाळी पटांगणावरच्या मिस्सात, म्हणजे उपासनाविधीत, कम्युनियनची पवित्र भाकर घेऊन परत येताना पायातला दोरा कुठेतरी गळून पडला. खाली पाहिले तर फोड सुकलेला होता.

पुढच्या गुरुवारी गॅसवर आमटी उकळत असताना जपमाळ घेतली. दुसऱ्याच दशकात मन सुटले आणि धारगळच्या पडवीत जाऊन बसले. मी ते ओढून आणले नाही. उरलेले मणी आजींच्या गुडघ्यांसाठी म्हटले आणि पाचवे रहस्य सुरू करण्याआधी गॅस बारीक केला.