केमूरच्या पायऱ्या आणि बाबांचं टोकन

पुण्यात येऊन मला एकतीस वर्षं झाली. कुणी गाव विचारलं आणि मी ‘चंद्रपूरकडची, खाणीवरची’ असं म्हटलं, की समोरचा हमखास विचारतो, दगडखाण का? वाघोलीच्या दगडखाणी पुणेकरांच्या ओळखीच्या आहेत. पण कोळशाच्या खाणीला लागून अख्खं गाव असतं, त्यात शाळा, दवाखाना, गणपती, दुर्गापूजा सगळं असतं आणि त्यातली एकूण एक भिंत कंपनीची असते, हे मला नीट समजावून सांगावं लागतं. एवढं सांगूनही ते ऐकणाऱ्याच्या मनात उतरत नाही, असा माझा अनुभव आहे.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात मुलाकडे व्हर्जिनियातल्या ब्लॅक्सबर्गला गेले होते. ‘आई, तुला काय बघायचंय?’ असं त्याने विचारलं, तेव्हा मी खाण म्हणाले. त्याला आश्चर्य वाटलं नाही. आजोबांच्या कॅप लॅम्पच्या, म्हणजे खाणीत टोपीवर लावायच्या दिव्याच्या, गोष्टी ऐकतच तो मोठा झालाय. दोनेक तास गाडी चालवून त्याने मला वेस्ट व्हर्जिनियात न्यू रिव्हरच्या दरीत नेलं.

त्या दरीवर एक प्रचंड पोलादी कमानपूल आहे, १९७७ साली बांधून झालेला, पाण्यापासून ८७६ फूट उंच. बहुतेक लोक तो बघायला येतात. आम्ही त्याच्या जवळच्याच एका पायवाटेने खाली उतरलो. अर्ध्या डोंगरात खाणीचं तोंड आहे, लोखंडी जाळी लावून बंद केलेलं. ही केमूरची खाण. व्हर्जिनियात लोखंडाच्या भट्ट्या असलेल्या लो मूर आयर्न कंपनीने ती १८९९ मध्ये सुरू केली, आणि कंपनीच्या जेम्स के या माणसाच्या नावावरून गावाला केमूर नाव पडलं. लोखंड गाळायला कोक, म्हणजे भट्टीत भाजून काढलेला कोळसा, लागतो. या डोंगरातला सेवेल नावाचा थर कमी धुराच्या, कोकला उत्तम अशा कोळशाचा. दरीतून १८७३ पासून रेल्वे होतीच. पण थर डोंगराच्या मध्यावर आणि रूळ नदीकाठी, म्हणून कोळसा उतारावरून खाली सोडायचा आणि खाली कोकच्या भट्ट्या, रूळ, घरं. काही वस्ती वर माथ्यावर, काही तळाशी.

खाणीपासून तळापर्यंत आता लाकडी पायऱ्या आहेत. ८२१. मी रोज सकाळी पर्वती चढते, तिच्या पायऱ्या १०३. म्हणजे एका दमात जवळजवळ आठ पर्वत्या, आणि इथे परतीचा रस्ता चढाचा. गुडघ्यांनी नको म्हटलं तरी मी उतरले. खाली झाडीत विटांच्या भट्ट्यांची रांग आहे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घुमटाकार तोंडं, आत पानांचा खच. घरांचे चौथरे शोधावे लागतात. एका ठिकाणी नुसतेच दगड रचलेले दिसले आणि मला कळलं की हा चुलीचा धुराडा असणार. मुलाने विचारलं, कसं कळलं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. पडक्या खोल्या बघत बघतच मी लहानाची मोठी झालेय.

खाणीजवळ एक जुनी पाटी आहे. तुम्ही सांभाळून काम करावं असं तुमच्या घरच्यांना वाटतं, अशा अर्थाची. ती वाचून मी तिथेच बसले. आमच्याकडेही पिटच्या तोंडाशी अशीच पाटी होती. फक्त तिच्यावर साडी नेसलेली बाई आणि तिचा हात धरलेलं पोर रंगवलेलं होतं.

अ‍ॅपलाचियाच्या या डोंगरांत अशी शेकडो गावं उभी राहिली. खाण अडचणीच्या जागी, आसपास दुसरं गाव नाही, म्हणून कामगारांसाठी घरं कंपनीनेच बांधली. फळ्यांची, खांबांवर उभी, एकाच साच्याची. दुकान कंपनीचं, डॉक्टर कंपनीचा, बऱ्याच ठिकाणी चर्चची जागाही कंपनीनेच दिलेली. इटली, हंगेरी, पोलंडमधून माणसं आली, दक्षिणेतून कृष्णवर्णीय मजूर आले. भरलेल्या कोळशाचा दर सगळ्यांना सारखा, पण काळ्यांची घरं वेगळी, शाळा वेगळ्या. आमच्या कॉलनीत जातीच्या आधी क्वार्टरचा टाइप विचारायचे, तो सूर मला इथे ओळखीचा वाटला.

पगार टनावर होता. भरलेल्या डब्यावर खाणकामगार आपल्या नंबरचा बिल्ला अडकवायचा, वर वजन व्हायचं, त्यावर पैसे. छताला लाकडी टेकू देणं, पडलेला दगड हटवणं, पाणी काढणं या कामाला बहुधा छदामही मिळत नसे, कारण त्यातून कोळसा निघत नाही. त्यात घरभाडं, डॉक्टर, सुरुंगाची दारू, हत्यारांना धार लावणं, सगळं कापून घ्यायचे. पगाराआधी गरज पडली तर उचल मिळायची ती स्क्रिपमध्ये, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या नाण्यांत. ती कंपनीच्या दुकानात चालत. बाहेर कुणी घेतलीच तर कमी किमतीला घेई.

असं एक स्क्रिप मी परत येताना एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून विकत घेतलं. पाच सेंटचं. पितळी, मधोमध कंपनीचं अक्षर कोरून आरपार काढलेलं.

धायरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाबांच्या हातावर ते ठेवलं. बाबा ८४ वर्षांचे आहेत. केमूर बंद पडलं १९६२ मध्ये, आणि त्याच वर्षी बाबा वीस-एकवीसचे असताना खाणीत लागले. तेव्हा खाण खासगी होती. मी सगळं सांगत गेले, त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “घर त्यायचं, दुकान त्यायचं, डाक्टर त्यायचा. मंग पगार म्हंजे काय? या खिशातून त्या खिशात.”

माझं सगळं वाचन आणि त्या ८२१ पायऱ्या या एका वाक्यात आल्या.

मग त्यांनी त्यांचं सांगितलं. आठवड्याचा पगार, आणि त्या दिवशी फाटकाबाहेर उभा राहणारा सावकार. आमच्याकडे कंपनीचं नाणं नव्हतं, पण वहीवरचा किराणा होता, आणि दर आठवड्याला ती वही पगाराच्या पुढे धावायची. १९७३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा मी पाच वर्षांची होते. त्यानंतर पक्की क्वार्टरं आली, माझी शाळा आली. म्हणून केमूर आणि आमची कॉलनी एकच, असं मी म्हणणार नाही. माझं शिक्षण त्या कॉलनीने केलं.

पण एक गोष्ट सारखी होती, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी तीच. घर नोकरीबरोबर यायचं आणि नोकरीबरोबर जायचं.

तिकडे याचा वापर शस्त्रासारखा झाला. मेटवान नावाच्या गावात १९ मे १९२० रोजी युनियनमध्ये गेलेल्या कामगारांची घरं रिकामी करायला कंपनीने बाल्डविन-फेल्ट्स या खासगी एजन्सीची माणसं आणली. सामान रस्त्यावर काढलं. गावचा पोलीस प्रमुख सिड हॅटफिल्ड आणि महापौर टेस्टरमन आडवे उभे राहिले. स्टेशनाजवळ गोळीबार झाला, दहा माणसं मेली, त्यांत महापौरही. पुढच्या वर्षी १ ऑगस्टला हॅटफिल्डला वेल्चच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर गोळ्या घातल्या, तो निःशस्त्र होता. त्या महिन्याअखेर गळ्यात लाल रुमाल बांधून सुमारे दहा हजार खाणकामगार ब्लेअर माउंटनकडे निघाले. खाणमालकांच्या बाजूच्या माणसांशी अनेक दिवस लढाई चालली. फौज आली तेव्हा त्यांनी हत्यारं खाली ठेवली, देशाच्या सैन्यावर गोळी झाडायची नव्हती त्यांना. १९३३ मध्ये कायद्याने संघटनेचा हक्क मान्य केल्यावर युनियन पुन्हा उभी राहिली. हे सगळं सांगताना बाबांनी मला एकदाच अडवलं, “बायकापोरांना पावसात काढलं का?” तंबूंमध्ये राहिले, हिवाळाही तिथेच काढला, असं मी सांगितलं. पुढे यंत्रं आली, माणसं कमी झाली, कंपन्या निघून गेल्या. गावांत मागे काहीच उरलं नाही, कारण गावाचं स्वतःचं असं काही नव्हतंच.

बाबा २००१ मध्ये निवृत्त झाले. क्वार्टर सोडल्याचा कागद दिल्याशिवाय हिशेब पुरा होत नसे. आईने अंगणात लिंबाचं झाड लावलं होतं, चोवीस वर्षांचं. तिने निघायच्या दिवशी त्याला दोन बादल्या पाणी घातलं आणि मगच कुलूप लावलं. ट्रकमध्ये बसेपर्यंत ती काही बोलली नाही. आम्ही सगळे तिच्यावर जरा चिडलोच होतो, उशीर होत होता म्हणून. आता ती नाही, आणि त्या चिडण्याची मला फार लाज वाटते.

बाबा ते स्क्रिप उलटसुलट करून बघत होते. खाणीत उतरताना प्रत्येकाजवळ पितळी टोकन असायचं. ते देऊन दिवा घ्यायचा, वर आलं की दिवा देऊन टोकन परत. पाळी सुटल्यावर फळीवर कुणाचं टोकन राहिलं तर तो माणूस अजून खाली आहे, असं समजायचं. १९७५ च्या डिसेंबरात धनबादकडे चासनाला खाणीत पाणी शिरून साडेतीनशेहून जास्त माणसं बुडाली. त्यानंतर कित्येक महिने आई पाळी सुटायच्या वेळी दारात उभी राहायची. भोंगा झाल्यावर बाबांच्या सायकलची घंटी ऐकू येईपर्यंत ती चुलीवर तवा ठेवायची नाही.

“तुमचं टोकन कुठंय बाबा?”

“जमा केलं ना. दिवा, टोकन, किल्ली. एकाच दिवशी.”

ते स्क्रिप त्यांनी खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं, मधल्या भोकातून सिंहगड रोडकडे बघितलं.

“याच्यावर नंबर नाही,” ते म्हणाले. “आमच्यावर होता. ३१२.”