खाडाखोड झालेल्या पावत्या

जळगाव जिल्ह्यातील एका जिनिंगसाठी, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यासाठी, कापूस खरेदीची संगणकप्रणाली करायची आहे आणि त्याआधी तिच्या गरजा नोंदवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मालकांनी पहिल्याच बैठकीत मांडलेला हिशेब अगदी सरळ होता: भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करायचे, उरेल त्याला भावाने गुणायचे, की पावती तयार. त्यांनी काही लपवले होते असे नाही. रोज बिनबोभाट घडते तेवढेच माणसाला सांगण्यासारखे वाटते. म्हणून मी प्रश्नावली बाजूला ठेवली आणि दिवाणजींकडून गेल्या हंगामातल्या खाडाखोड झालेल्या पावत्या मागून घेतल्या.

एका पावतीवर भाव खोडून खाली कमी भाव लिहिला होता आणि शेजारी पेन्सिलीने ‘खाले वल्ला’ एवढेच खरडलेले होते. भाव ठरतो तो गाडीतला वरचा माल पाहून. गाडी रिकामी होऊ लागल्यावर तळाचा कापूस ओला निघाला तर शेतकऱ्याशी पुन्हा बोलणी होतात. कधी सगळ्याच मालाचा भाव उतरतो, तर कधी ओला ढीग वेगळा तोलून त्याची निराळी पावती होते. म्हणजे ‘भाव’ हा एकदा भरून विसरायचा रकाना नव्हे. तो कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणाने बदलला हेही प्रणालीने जपले पाहिजे. भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत 8 टक्के ओलावा आधार धरतात आणि 12 टक्क्यांवरचा माल घेत नाहीत, तेव्हा तिथला नियम सूत्रात बसवता येतो. इथे मात्र कापूस मुठीत दाबून पाहणाऱ्या अनुभवी माणसाचा शब्द चालतो, आणि त्याचे सूत्र करण्याचा अट्टहास मला तरी चुकीचा वाटतो. प्रणालीने त्याचा निर्णय नोंदवावा, तो स्वतः घेऊ नये.

गरजांच्या लेखनासाठी आयईईई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे आयईईई 830 हे 1998 चे मानक बरीच वर्षे वापरात होते आणि 2011 मध्ये आयएसओ/आयईसी/आयईईई 29148 ने त्याची जागा घेतली. गरज संदिग्ध नसावी आणि ती तपासून पाहता यावी, हा आग्रह दोन्हींत आहे. त्या कसोटीवर ‘पावती लवकर निघावी’ हे वाक्य टिकत नाही. ‘रिकाम्या गाडीचे वजन नोंदल्यावर 10 सेकंदांत पावती छापली जावी’ असे लिहिले, की घड्याळ लावून तपासता येते आणि पुढे वादही उरत नाही.

मसुदा मी दिवाणजींना वाचून दाखवला, तेव्हा वेळेच्या रकान्यापाशी त्यांनी मला थांबवले. वीज गेली की पावत्या हाताने लिहितात आणि संध्याकाळी एकदम चढवतात, त्यामुळे गाडी तोलल्याची वेळ आणि नोंद केल्याची वेळ अशा दोन वेगळ्या वेळा आता मसुद्यात घातल्या आहेत. गाठींचा साठा आणि सरकीची विक्री हे विषय या टप्प्यात नाहीत, हेही त्यात स्पष्ट लिहून त्याखाली मालकांची सही घेतली आहे.