युरियाची गोणी उघडण्याआधी एक गाठ फोडून बघा

पेरणी होऊन महिना होत आला की आमच्या लातूरकडे एकच विषय निघतो : सोयाबीन पिवळं पडलंय, युरिया टाकावा का? मी बारावीला जीवशास्त्र शिकवते आणि घरी कोरडवाहू शेती आहे, त्यामुळे हा प्रश्न वर्गातही येतो आणि बांधावरही. मी सांगते, आधी मुळं बघा. त्यांवरच्या गाठींत जिवाणू राहतात, ते हवेतला नत्र, म्हणजे नायट्रोजन, पकडून झाडाला देतात.

झाड उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. खुरप्यानं मातीसकट काढा, मुळं पाण्यात हलक्या हातानं धुवा आणि एक गाठ नखानं फोडा. आत लालसर गुलाबी दिसलं, तर जिवाणू कामाला लागलेत. हिरवट किंवा राखाडी असेल, तर काम थांबलंय.

तो गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच कुळातलं प्रथिन. हवेतला नायट्रोजन पकडणारं नायट्रोजिनेज हे जिवाणूंमधलं विकर (एन्झाइम) ऑक्सिजननं निकामी होतं. पण जिवाणूंना श्वसनासाठी ऑक्सिजन तर लागतोच. हे प्रथिन तो बेताबेतानं पोचवतं. इतकी वर्षं शिकवतेय, तरी ही सोय सांगताना मला दरवेळी भरून येतं.

नायट्रोजनचा एक रेणू फोडायला निदान 16 एटीपी, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेचे रेणू, खर्ची पडतात. तो खर्च झाड आपल्या साखरेतून भागवतं. जमिनीत आयता नत्र मिळाला, की झाड गाठींवरचा खर्च आवरतं. म्हणून वरून युरिया दिला, की गाठी कमी धरतात.

रानात पाणी साचलं असेल तर युरिया आणखीच वाया. त्याचा अमोनिया होतो, नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर हे मातीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. पुढे हवा कोंडलेल्या मातीत दुसरे जिवाणू ऑक्सिजनऐवजी हेच नायट्रेट श्वसनाला वापरतात आणि नत्र वायू होऊन उडून जातो. तिथे आधी चर काढून पाण्याला वाट करून द्या. आणि शेंड्याची कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या असतील, तर बहुधा लोहाची कमतरता आहे. चुनखडीच्या रानात हे नेहमीचं. नत्र कमी पडला तर आधी खालची, जुनी पानं पिवळी होतात.

सोयाबीनचा बेवड, म्हणजे त्याच्यामागून येणाऱ्या पिकासाठी रान, चांगला म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. दाण्यात सुमारे 40 टक्के प्रथिनं, म्हणजे बराचसा नत्र आपण पोत्यात भरून अडतीवर नेतो. मागे राहतो तो गळलेल्या पाल्यात, मुळांत आणि गाठींत. म्हणून भुसकट पेटवू नका, रानातच कुजू द्या.

पुढच्या पेरणीला रायझोबियमचं, म्हणजे गाठी धरवणाऱ्या जिवाणूंचं, पाकीट घ्याल तेव्हा ते सोयाबीनचंच आहे ना, हे बघून घ्या; हरभऱ्याचं चालत नाही. मुदतीची तारीख वाचा, पाकीट उन्हात ठेवू नका. बियाण्याला बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी. सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा.