मोत माउलीच्या वाटेवर 153 मासे

रात्री साडेनऊला तलावपाळीवरच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चपाशी जमलो तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. नऊ माणसं आणि दोन छत्र्या. ठाण्याहून वांद्र्याच्या मोत माउलीला, म्हणजे माउंट मेरीला, पायी जायचं. अंतर 25-27 किलोमीटर. 8 सप्टेंबरच्या सणाच्या आदल्या रात्रीची माझी ही चौथी खेप, मावशींची पहिलीच.

मावशी चेंदणी कोळीवाड्यातल्या. ख्रिस्ती नाहीत. त्यांचे भाऊ दरवर्षी आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर चालतात. "ती माउली, हीपण माउलीच," एवढ्यावर त्यांनी विषय मिटवला होता. तसं कोळ्यांना मोत माउली परकी कधीच नव्हती. 1700 साली अरबी चाच्यांनी जुन्या मूर्तीचा उजवा हात तोडला. पुढे एका कोळ्याला स्वप्न पडलं आणि समुद्रात तरंगणारी मूर्ती सापडली, अशी कथा आहे. 1760 मध्ये चर्च पुन्हा उभं राहिलं. "म्हणजे सापडली कोळ्यालाच," मावशी म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

मसुंदा तलावाच्या कठड्याजवळ पहिली रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाली. पाण्यात दिवे हलत होते. मला दरवेळी इथेच बायबलमधला गालील समुद्र आठवतो. नाव समुद्र, पण आहे ते गोड्या पाण्याचं तळं. लांबी 21 किलोमीटर, म्हणजे आमच्या चालीपेक्षाही कमी. भोवतीच्या डोंगरांवरून वारा खाली उतरला की तेवढंसं पाणीसुद्धा होड्या बुडवायला उठतं. येशूनं वादळ शांत केलं ते याच पाण्यावर. जुन्या करारात समुद्र म्हणजे कुणालाही न आवरणारी गोष्ट. तिला आवरणारा फक्त देव. म्हणून तर होडीतले शिष्य वादळ शमल्यावर जास्त घाबरले: हा आहे तरी कोण, वारा आणि समुद्रही याचं ऐकतात? प्रवचनात यावर भर असतो आणि तो बरोबरच आहे. पण माझं मन तिथे रमत नाही. आयुष्यात माझं एकही वादळ असं एका शब्दावर थांबलेलं नाही.

मला योहानाच्या शुभवर्तमानातल्या शेवटच्या अध्यायातला किनारा आवडतो. गोखले रोडनं तीन हात नाक्याकडे जाताना मावशींना तीच गोष्ट सांगितली. येशूचे सात शिष्य रात्रभर जाळं टाकून रिकामे. पहाटे किनाऱ्यावरून कुणीतरी सांगतं, होडीच्या उजव्या बाजूला टाका. 153 मोठे मासे लागतात आणि जाळं फाटत नाही. प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टिननं या आकड्यात 1 ते 17 ची बेरीज पाहिली आणि तिच्यातून गूढ अर्थ काढला, हेही मी मोठ्या हौसेनं सांगून टाकलं.

मावशी हसल्या. "अरे, मोजल्याशिवाय वाटे कसे पडतील? होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसांचे वाटे. रात्रभर वल्हवलंय त्यांनी."

इतकी वर्षं हा उतारा ऐकतोय, पण त्या सात जणांना घरी काहीतरी न्यायचं होतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मग त्यांनीच विचारलं, पुढे काय झालं? पुढे किनाऱ्यावर निखारे पेटलेले, त्यावर मासळी, शेजारी भाकर. सगळं आधीच तयार. तरी येशू म्हणतो, आत्ता धरलेल्यातले थोडे आणा. हे मला नेहमी कोडंच वाटत आलंय. त्याच्याकडे होते की मासे!

मावशी मुलुंड चेकनाक्यापर्यंत गप्प होत्या. नाक्यावर चहा घेताना म्हणाल्या, "नुसतं त्याचंच खाल्लं असतं तर पाहुणे झाले असते. आपलंपण घातलं की घरातले." मग खाडीचं बोलल्या: सासरे बोय आणि कोळंबी भरून आणायचे, आता जाळ्यात प्लास्टिकच जास्त. जाळं रिकामं आलं तरी धुवावं लागतंच, हे त्यांनी सहज सांगितलं, तक्रारीचा सूर नव्हता.

भांडुपनंतरचं फार सांगण्यासारखं नाही. टाचेला फोड आला, पाऊस आला, विक्रोळीत एकजण रिक्षात बसला आणि आम्ही त्याला मनापासून शिव्या घातल्या. पहाटे टेकडी चढलो. मावशींनी मेणाची होडी घेतली होती; माउलीपुढे ती ठेवताना त्या काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

खाली बँडस्टँडच्या कठड्यावर बसलो. ओहोटी होती, खडकांवरून शेवाळ्याचा वास येत होता. मावशींनी पिशवीतून डबा काढला: तांदळाची भाकरी, तळलेली बोय, गार झालेली पण कडक. मी हात पुढे केला, तर त्यांनी डबा मागे ओढला.

"तुझं काय आहे ते काढ आधी."

माझ्या खिशात ग्लुकोज बिस्किटांचा अर्धा पुडा होता, पावसानं मऊ पडलेला. तो मी मध्ये ठेवला.